उपरोध आणि सूक्ष्म वाचन : प्रगत साहित्यवर्गाच्या प्रकल्प-नोंदी

१ जुलै

या सत्रात प्रगत साहित्यवर्गासाठी उपरोध आणि सूक्ष्म वाचन, म्हणजे उताऱ्यातील शब्दन् शब्द तपासत केलेले वाचन, यांचा एकत्रित घटक तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय वेगवेगळ्या ठिकाणी येतात; उपरोध अलंकारांच्या किंवा विनोदाच्या प्रकरणात आणि सूक्ष्म वाचन समीक्षापद्धतींच्या प्रकरणात. परिणामी विद्यार्थ्याला उपरोधाची व्याख्या तोंडपाठ असते, पण समोरच्या उताऱ्यात तो नेमका कोठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. उत्तरपत्रिकेत ‘येथे लेखकाने उपरोधिक शैली वापरली आहे’ असे वाक्य येते आणि विवेचन तेथेच थांबते.

माझ्या मते उपरोध हाच सूक्ष्म वाचनाचा सर्वांत चांगला अभ्यासविषय आहे. शब्द एक सांगत असतात आणि मजकूर दुसरेच काही. पण हे दुसरे काही आहे याचा पुरावा मात्र त्याच शब्दांतून काढावा लागतो. म्हणून संपूर्ण घटकाचा भार ‘कशावरून?’ या एकाच प्रश्नावर ठेवायचा असे ठरवले आहे.

४ जुलै

व्याख्येचा प्रश्न आधी निकालात काढणे भाग आहे. ‘बोलले जाते त्याच्या उलट अर्थ समजायचा असतो’ ही व्याख्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियनपासून चालत आलेली आहे आणि शालेय पुस्तकांतही तीच सापडते. ती ‘वा, काय वेळेवर आलात!’ अशा वाक्यांना पुरते. पण मोठ्या गद्यकृतीला लावली की लगेच तोकडी पडते. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये लिहिलेल्या ‘अ मॉडेस्ट प्रपोझल’ या पत्रकात आयर्लंडमधील गरिबांची मुले वर्षभर पोसून श्रीमंतांच्या ताटात वाढावीत असा प्रस्ताव आहे. याच्या उलट अर्थ घ्यायचा तर ‘मुले खाऊ नयेत’ एवढाच उरतो, आणि तेवढे सांगण्यासाठी कोणी पत्रक लिहीत नाही.

डॅन स्पर्बर आणि डीअर्ड्रे विल्सन या भाषाव्यवहाराच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये मांडलेली उपपत्ती वर्गासाठी अधिक उपयोगी आहे. त्यांच्या मते उपरोधात बोलणारा एखादे मत स्वतःचे म्हणून मांडत नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तरी मताचा प्रतिध्वनी उमटवतो आणि त्याच वेळी त्या मताबद्दलची आपली नापसंती सूचित करतो. हे मान्य केले की ‘उलट अर्थ कोणता?’ हा प्रश्न गळून पडतो आणि त्याच्या जागी दोन चांगले प्रश्न येतात : हे म्हणणे कोणाचे आहे, आणि लेखक त्या म्हणण्यापासून किती अंतरावर उभा आहे? फलकावर व्याख्येऐवजी हेच दोन प्रश्न लिहायचे.

८ जुलै

कामाची पद्धत ठरली. प्रत्येक उताऱ्याचा आधी शब्दशः सारांश लिहायचा, तोही निवेदकावर पूर्ण विश्वास ठेवून, आणि तोवर ‘उपरोध’ हा शब्द उच्चारायचा नाही. ही अट काही विद्यार्थ्यांना जाचक वाटली, कारण उत्तर त्यांना आधीच ठाऊक होते. पण वाच्यार्थ नीट मांडल्याशिवाय तो कोठे ढासळतो हे दिसत नाही, म्हणून अट कायम ठेवली आहे.

पुढच्या टप्प्यासाठी अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांच्या १९७४ मधील ‘अ रेटरिक ऑफ आयरनी’ या ग्रंथातील क्रम आधाराला घेतला. वाचक प्रथम वाच्यार्थ नाकारतो, मग पर्यायी अर्थ किंवा स्पष्टीकरणे चाचपून पाहतो, नंतर लेखकाच्या ज्ञानाविषयी आणि श्रद्धांविषयी निर्णय घेतो, आणि अखेरीस नवा अर्थ निश्चित करतो. यांतील दुसरी पायरी वर्गात सर्वांत दुर्लक्षित राहते असा माझा अनुभव आहे. वाच्यार्थ पटला नाही की विद्यार्थी थेट उपरोधावर उडी घेतात. लेखकाची चूक, निवेदकाचे अज्ञान, मुद्रणदोष किंवा आपल्याला अपरिचित असलेला काळाचा संकेत, या शक्यता तपासायच्या राहून जातात. म्हणून हस्तपत्रकात दुसऱ्या पायरीसाठी सर्वाधिक जागा सोडली.

१२ जुलै

आज स्विफ्टचे पत्रक वाचायला घेतले. निवेदक आणि लेखक यांच्यात फरक करावा लागतो हे समजावण्यात वेळ जाईल अशी भीती होती, पण एकनाथांच्या भारुडांचा उल्लेख पुरेसा ठरला. भारुडात बोलणारी, नवऱ्याला आणि घराला कंटाळलेली बाई म्हणजे एकनाथ नव्हेत, हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. स्विफ्टच्या पत्रकातला आकडेमोड करणारा सद्गृहस्थही तसाच रचलेला आहे, इतके मान्य झाल्यावर वर्ग सरळ मजकुराकडे वळला.

‘निवेदकावरचा तुमचा विश्वास कोणत्या शब्दापाशी प्रथम डळमळला?’ असा प्रश्न दिला होता. बहुतेकांनी मुले खाण्याचा प्रस्ताव जेथे उघड होतो त्या जागेवर खूण केली. तेव्हा त्यांना मागे जायला सांगितले. सुरुवात तर करुणेने भरलेली आहे. रस्त्यांवर आणि झोपड्यांच्या दारांत भीक मागणाऱ्या आया, त्यांच्यामागे तीन, चार, सहा मुले, सगळी चिंध्यांत. या परिच्छेदात खोट काढता येत नाही. पण थोडेच पुढे, प्रस्तावाच्या बरेच आधी, नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा उल्लेख येतो तो जनावराच्या मादीने टाकलेल्या पिलासाठी वापरावयाच्या शब्दांत. एका विद्यार्थिनीने ती जागा शोधली आणि समासात फक्त ‘गोठा’ एवढा एकच शब्द लिहिला. मग आम्ही तेथे ‘आईच्या पोटी जन्मलेले मूल’ असा साधा शब्दप्रयोग घालून परिच्छेद पुन्हा वाचला. तो एका प्रामाणिक समाजसुधारकाचा परिच्छेद झाला! बदल इतक्या थोड्या शब्दांचा, आणि निवेदकाची सारी दृष्टी त्याने उघडी पडते. शब्द बदलून पाहण्याची ही कृती आता प्रत्येक तासिकेत ठेवणार आहे, कारण पुरावा कोठे आहे हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही दिसत नाही.

त्यानंतर आकडे. निवेदक दीड दशलक्षाच्या लोकसंख्येपासून सुरुवात करतो. त्यातून मुले जन्माला घालू शकणारी दोन लाख जोडपी, त्यांतून पोसण्याची ऐपत असलेली तीस हजार वजा, गर्भपात आणि बालमृत्यू यांसाठी पन्नास हजार वजा, आणि उरली वर्षाला एक लाख वीस हजार मुले. त्यांतली वीस हजार पैदाशीसाठी राखून ठेवावीत, त्यांत नर एक चतुर्थांश असले तरी पुरेत, कारण मेंढ्या-गुरांच्या बाबतीत आपण तितकेही ठेवत नाही! वजाबाकी बिनचूक आहे, आणि मला तीच या पत्रकातील सर्वांत भेदक गोष्ट वाटते. ज्या काळात राज्याची संपत्ती माणसे मोजून ठरवण्याची रीत प्रतिष्ठित होत होती, त्या काळाच्या हिशेबी भाषेचा हा प्रतिध्वनी आहे. स्विफ्टने त्या भाषेत काहीही चुकीचे घातले नाही. फक्त तिला तिच्या टोकापर्यंत चालू दिले.

तास संपता संपता जमीनदारांविषयीच्या वाक्यावर आलो. हे खाद्य जमीनदारांना विशेष शोभेल, कारण त्यांनी आईबापांना आधीच गिळंकृत केले आहे, तेव्हा मुलांवरही त्यांचाच पहिला हक्क, असा त्याचा आशय आहे. उरलेल्या पत्रकात खाणे शब्दशः आहे. या एका वाक्याच्या पूर्वार्धात मात्र ते रूपक आहे, आणि रूपकातले सत्य शब्दशः प्रस्तावाला न्याय्य ठरवते. येथे निवेदकाच्या आवाजाआडून लेखकाचा आवाज क्षणभर ऐकू येतो असे मी म्हटले. एका विद्यार्थ्याने त्यावर हरकत घेतली : निवेदकही जमीनदारांवर नाराज असू शकेल. हरकत योग्य आहे आणि ती वर्गाच्या नोंदवहीत जशीच्या तशी ठेवली आहे.

१५ जुलै

राहिलेला भाग पूर्ण केला. शेवटाकडे निवेदक ‘माझ्यासमोर इतर उपायांची नावे काढू नका’ असे सांगून त्या उपायांची यादी देतो : परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवणे, देशी माल वापरणे, कुळांवर थोडी तरी दया करणे. जे नाकारले जात आहे तेच लेखकाला हवे आहे, हे ठरवायला येथे मजकुराबाहेरचा आधारही मिळतो, कारण देशी मालाच्या वापराचा आग्रह धरणारे पत्रक स्विफ्टने १७२० मध्येच लिहिले होते. बूथ यांच्या तिसऱ्या पायरीचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१७ जुलै

नाट्यात्म उपरोधाला, म्हणजे पात्राला ठाऊक नसलेले प्रेक्षकाला ठाऊक असण्यातून येणाऱ्या उपरोधाला, अर्धाच तास दिला आणि तेवढा पुरला. सोफोक्लिसच्या नाटकात राजा ईडिपस आधीचा राजा लायस याच्या खुन्याला शाप देतो आणि ‘मी जणू माझ्या स्वतःच्या पित्यासाठी लढावे तसा त्याच्यासाठी लढेन’ असे म्हणतो. लायस त्याचाच पिता आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. येथे बोलणारा पूर्णपणे प्रामाणिक आहे आणि दुहेरी अर्थ त्याच्या नकळत निर्माण होतो, हा फरक विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात आला.

२१ जुलै

आजच्या तासिकेची मी सत्राच्या सुरुवातीपासून वाट पाहत होतो. हालाच्या गाथासप्तशतीतील ‘भम धम्मिअ’ ही माहाराष्ट्री प्राकृतातली गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ या काव्यातील सूचित अर्थावरच्या ग्रंथात उदाहरण म्हणून घेतली आणि तेव्हापासून तिच्यावरचा वाद शतकानुशतके चालला. आशय असा : हे धार्मिका, आता निर्धास्तपणे फिर, ते कुत्रे आज गोदेच्या काठच्या झुडपांत राहणाऱ्या उन्मत्त सिंहाने मारले. वाच्यार्थ परवानगीचा आहे, व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, मनाईचा.

आधी नेहमीप्रमाणे सारांश, निवेदकावर विश्वास ठेवून. मग शब्दांकडे. ‘निर्धास्तपणे’ हा शब्द काढून पाहिला तर गाथा नुसती वार्ता होते. सगळा तणाव त्या एका शब्दात आणि शेवटच्या ‘सिंहाने’ या पदात विभागलेला आहे. सिंह ‘उन्मत्त’ आहे, म्हणजे कुत्र्याला मारून तो शांत झालेला नाही. तो तेथे ‘राहणारा’ आहे, म्हणजे निघून जाणार नाही. ‘आज’ हे घडले, म्हणजे धोका ताजा आहे. एका ओळीत दिलेले अभय दुसऱ्या ओळीतले प्रत्येक विशेषण काढून घेत जाते.

मग एका विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला जो विचारला जावा अशी माझी इच्छा होती : टीकाकार सांगतात की बोलणारी एक अभिसारिका, म्हणजे प्रियकराला गुपचूप भेटायला जाणारी स्त्री, आहे आणि तिला संकेतस्थळ मोकळे हवे आहे, पण गाथेत ती कोठे आहे? खरोखरच नाही. गाथेत धार्मिक आहे, कुत्रे आहे, सिंह आहे, गोदाकाठ आहे. स्त्री, प्रियकर आणि भेट हे सारे वाचकाने पुरवलेले आहे. म्हणजे ‘मनाई आहे’ हे शब्दांवरून सांगता येते, पण ‘ही मनाई कोणासाठी आणि का’ हे परंपरेने चालत आलेल्या वाचनाच्या संकेतांवरून ठरते. पुराव्याचे हे दोन थर विद्यार्थ्यांनी वेगळ्या रंगांच्या शाईने समासात लिहिले.

येथे आनंदवर्धनाचा विरोधक काव्यशास्त्रकार महिमभट्ट याचा आक्षेप आणला. त्याचे म्हणणे असे की व्यंजना, म्हणजे अर्थ सुचवण्याची शब्दांची वेगळी शक्ती, मानण्याची गरजच नाही, कारण हा अर्थ अनुमानाने मिळतो : भित्रा माणूस कुत्र्याला घाबरतो, तेथे सिंह आहे, म्हणून तेथे जाऊ नये. त्यावर मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त दिलेले उत्तर माझ्या दृष्टीने सूक्ष्म वाचनाच्या अभ्यासकासाठी अमोल आहे. भित्रा माणूसही गुरूच्या किंवा स्वामीच्या आज्ञेने, अथवा प्रेमापोटी, भीतीच्या जागी जातो. कुत्र्याला टाळणारा माणूस शूर असेल तर सिंहाला भिणार नाही. आणि मुळात तेथे सिंह आहे हे प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने सिद्ध झालेले नाही, ते केवळ बोलणारीच्या शब्दावर अवलंबून आहे, आणि तिचा शब्द प्रमाण मानता येत नाही. तर्कशास्त्राच्या कसोटीवर अनुमानाचा हा आधार टिकत नाही. तरीही सहृदय वाचकाला अर्थ निश्चितपणे कळतो.

वर्ग या ठिकाणी बराच वेळ गप्प होता आणि नंतर एकदम बोलू लागला. ‘कशावरून?’ या आमच्या प्रश्नाला सिद्धतेची अपेक्षा करायची की आधाराची, हा वाद त्यातून निघाला. माझे मत मी स्पष्टपणे मांडले : आधार मागायचा, आणि तो शब्दांत दाखवता आला पाहिजे, पण गणितातल्यासारखी सिद्धता मागितली तर एकही उपरोध शिल्लक राहणार नाही. ही गाथा स्वतः काटेकोर अर्थाने उपरोध नव्हे, कारण तीत कोणाच्या मताची टर उडवलेली नाही. पण उपरोध वाचताना लागणारी सारी अवधाने तिने शिकवली. मम्मटाचेच दुसरे उदाहरण, ‘तू फार उपकार केलेस, तुझ्या सौजन्याविषयी काय बोलावे, असाच वागत शंभर वर्षे सुखाने जग’, हे मात्र अस्सल उपरोधाचे आहे, आणि तेथे खूण आहे ती स्तुतीच्या अतिरेकाची.

२६ जुलै

अपेक्षित अडचण आली. वर्गाला आता सर्वत्र उपरोध दिसू लागला आहे. लेखकाचे नाव न देता एक सरळ, कळवळ्याने लिहिलेला शोकपर उतारा बाकीच्या उताऱ्यांत मिसळून दिला होता. पुष्कळांनी त्यातील पुनरुक्तीला अतिरेकाची खूण ठरवले आणि मृताची स्तुती उपरोधिक असल्याचा निष्कर्ष काढला.

नाव झाकून उतारे देण्याची ही पद्धत इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांची. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे न सांगता कविता दिल्या, विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांचे विश्लेषण केले आणि १९२९ मध्ये ते ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या नावाने प्रसिद्ध केले. वाचनात अडथळा आणणाऱ्या गोष्टींत त्यांनी ठरीव प्रतिक्रियांची गणना केली आहे. ठरीव प्रतिक्रिया फक्त भाबडेपणाचीच असते असे नाही. संशयाची सवयही तितकीच ठरीव असू शकते, आणि हुशार विद्यार्थ्यांत ती अधिक आढळते, कारण उपरोध ओळखला की चतुर ठरतो अशी समजूत असते.

यावर व्याख्यान दिले नाही. प्रत्येकाला स्वतःच्या दाव्यापुढे दोन ओळी लिहायला सांगितल्या : येथे कोणाच्या मताचा प्रतिध्वनी आहे, आणि मजकुरातील कोणते दुसरे वाक्य या वाक्याशी विसंगत आहे? शोकपर उताऱ्यासाठी कोणालाही दुसरी ओळ भरता आली नाही. पुनरुक्ती होती, पण तिच्या विरोधात जाणारे काहीच नव्हते. अनेकांनी आपले निष्कर्ष स्वतःच खोडले, आणि एका विद्यार्थ्याने खाली लिहिले की दुःखालाही पुनरुक्ती लागते. त्याचे हे निरीक्षण मी पुढच्या तासिकेच्या हस्तपत्रकावर घेतले.

३० जुलै

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीच्या फक्त पहिल्या दोन वाक्यांवर पूर्ण तासिका घेतली. धनवान अविवाहित पुरुषाला पत्नीची गरज असलीच पाहिजे हे सत्य जगन्मान्य आहे, असे पहिले वाक्य सांगते, आणि बहुतेक अध्यापन त्याच वाक्यावर थांबते. खरा पुरावा दुसऱ्या वाक्यात आहे. तेथे ‘जगन्मान्य’ सत्य आसपासच्या कुटुंबांच्या मनात पक्के बसलेले सत्य इतके आक्रसते. त्या पुरुषाच्या स्वतःच्या भावना आणि मते कोणालाही ठाऊक नाहीत असे कळते. आणि ज्याच्याकडे मालमत्ता आहे म्हणून सांगितले होते तो स्वतःच कोणत्या तरी मुलीची हक्काची मालमत्ता ठरतो. पहिले वाक्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर दुसरे वाक्य देते. विद्यार्थ्यांनी दुसरे वाक्य झाकून पहिल्याचा अर्थ लिहिला, मग उघडून पुन्हा लिहिला, आणि दोन्ही अर्थ शेजारी ठेवले.

४ ऑगस्ट

डॅनियल डीफोचे १७०२ मधील ‘द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स’ हे पत्रक अवघड उदाहरण म्हणून राखून ठेवले होते. प्रस्थापित चर्चपासून फुटलेल्या पंथीयांचा कठोरपणे बीमोड करावा अशी मागणी त्यात आहे. डीफो स्वतः त्याच पंथीयांपैकी होता. कडव्या चर्चवाद्यांचा आवाज त्याने इतका हुबेहूब उतरवला की काहींनी ते मनापासून लिहिलेले समजून उचलून धरले, आणि सत्य कळल्यावर त्याला १७०३ मध्ये तुरुंगवास आणि भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली.

वर्गात प्रश्न ठेवला : लेखकाचे नाव माहीत नसताना हा उपरोध आहे हे कशावरून म्हणता येईल? स्विफ्टच्या निवेदकाला वाचक कोठे तरी सोडून देतोच; डीफोचा निवेदक मात्र आपल्या बाजूच्या माणसांना कोठेही धक्का देत नाही. काहींनी भाषेतल्या आवेशाकडे बोट दाखवले, पण त्या काळातील खऱ्या प्रवचनांतही असाच आवेश होता. मजकुराच्या आत पुरेसा आधार नाही, असे बहुतेकांचे मत पडले आणि मी त्याच्याशी सहमत आहे. मात्र यावरून डीफोचा प्रयत्न फसला असे म्हणायचे का, यावर मतभेद राहिले. आपली मते छापलेली पाहून त्यांना मान डोलावणारे लोक उघडे पाडणे हाच हेतू असेल, तर तो पुरेपूर साधला, असे एका गटाने आग्रहाने मांडले.

९ ऑगस्ट

मूल्यमापनाची रचना पूर्ण केली. अपठित उतारे दिले जातील, त्यांतील किमान एक सरळ असेल, आणि ‘येथे उपरोध नाही’ या सुसमर्थित उत्तराला पूर्ण गुण मिळतील. निष्कर्षाला कमी गुण आहेत. वाच्यार्थाची अचूक मांडणी, नेमक्या शब्दांवर ठेवलेले बोट आणि तपासून नाकारलेली पर्यायी स्पष्टीकरणे यांना अधिक. गुणदानाच्या या विभागणीवर सहकाऱ्यांशी चर्चा झाली. निष्कर्ष चुकलेल्या विद्यार्थ्याला चांगले गुण कसे द्यायचे, अशी शंका निघाली. निष्कर्ष बरोबर आणि आधार शून्य असे उत्तर माझ्या मते अधिक दुबळे आहे, कारण पुढच्या अनोळखी उताऱ्यापाशी तो विद्यार्थी पुन्हा अंदाजच करणार.

१६ ऑगस्ट

उत्तरे तपासून झाली. ‘उपरोधिक शैली वापरली आहे’ असे सुटे वाक्य फारच थोड्या उत्तरांत आले. वाच्यार्थाचे परिच्छेद चांगले आहेत. दुसरी पायरी अजूनही घाईने उरकली जाते, विशेषतः निवेदकाचे अज्ञान आणि लेखकाचे अज्ञान यांत फरक करण्याची वेळ आली की.

पुढील सत्रासाठी क्रम बदलतो आहे. ‘भम धम्मिअ’ ही गाथा आणि मम्मटाची चर्चा प्रथम येईल, म्हणजे आधार आणि सिद्धता यांतील भेद स्विफ्टच्या आधीच हाती असेल. सरळ उतारा दुसऱ्याच तासिकेपासून मिसळला जाईल. डीफो शेवटीच राहील, आणि त्याच्याबरोबर त्याच काळातील एक प्रामाणिक कडवे प्रवचन शेजारी ठेवून वाचायचे आहे. तसे योग्य प्रवचन निवडून त्याचा उतारा तयार करणे हे या प्रकल्पातील पुढचे काम.